जुनी वस्ती राखायची तर रंगाआधी जमीन: कम्युनिटी लँड ट्रस्ट उभारण्याचा क्रम

जुनी वस्ती वाचवायला मंडळी जमली की पहिलं काम बहुतेक वेळा एकच होतं: दर्शनी भिंती रंगवणं. मग वारसा फेरी निघते, फोटो फिरतात, कोपऱ्यावर कॅफे येतो. गल्ली देखणी झाली की भाव चढतात, आणि ज्यांनी ही घरं पन्नास वर्षं झाडून-पुसून उभी ठेवली तेच आधी बाहेर पडतात. कम्युनिटी लँड ट्रस्टची आठवण नेमकी तेव्हा होते, आणि तोवर जमीन आवाक्याबाहेर गेलेली असते.

कामं तीच असतात, फक्त उलट्या क्रमाने केलेली. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

आधी रचना थोडक्यात. जमीन ट्रस्टच्या नावावर राहते आणि विकली जात नाही. तिच्यावरचं घर कुटुंबाच्या मालकीचं असतं. दोघांमध्ये दीर्घ मुदतीचा, बहुधा ९९ वर्षांचा, नूतनीकरण होणारा आणि वारसांकडे जाणारा भाडेपट्टा असतो. घर विकता येतं, पण भाडेपट्ट्यात लिहिलेल्या सूत्राने ठरलेल्या किमतीला. या रचनेमुळे माणसं टिकतात. भिंतींसाठी मात्र वेगळा बंदोबस्त लागतो; तो चौथ्या टप्प्यात येईल.

## टप्पा १: दोन वह्या

हद्द लहान ठेवा. लिव्हरपूलच्या ग्रॅनबी फोर स्ट्रीट्स या ट्रस्टच्या नावातच चार रस्ते आहेत, आणि सुरुवात एका रस्त्यावरच्या दहा घरांपासून झाली. आख्खं जुनं शहर कवेत घेणारे नकाशे भिंतीवर शोभतात, पण एवढ्या मोठ्या हद्दीत दोन शेजारची घरंही ट्रस्टच्या हाती येत नाहीत.

हद्द ठरली की दोन वह्या घाला. पहिली इमारतींची: बांधणी कशाची, छप्पर कसं, ओल कुठे, मूळ दारं-खिडक्या किती शिल्लक, मालक कोण, वारस किती, बोजा आहे का, कर थकलाय का. दुसरी माणसांची: कोण राहतं, किती वर्षांपासून, मालक आहे, भाडेकरू की पोटभाडेकरू, हातात कागद कोणता, घरातून धंदा चालतो का, महिन्याला किती भरणं झेपतं.

दुसरी वही बहुतेक जण घालतच नाहीत. वास्तुतज्ज्ञ येतात, कोरीव खांब मोजतात, निघून जातात. पुढे घरं वाटायची वेळ आली की पोटभाड्याने राहणारं कुटुंब कुठल्याच यादीत सापडत नाही, आणि जे यादीत नाही ते कायद्यालाही दिसत नाही.

इशारा: रिकाम्या घरांची आणि परगावी राहणाऱ्या मालकांची यादी ग्रुपवर टाकू नका. ती सगळ्यात आधी दलाल वाचतात.

तपासणी: प्रत्येक दरवाजासमोर एकतर राहणाऱ्याचं नाव असावं, नाहीतर «रिकामं» असा शेरा आणि पाहणीची तारीख. कोरी जागा नको.

## टप्पा २: माणसं आधी, नोंदणी नंतर

वकिलाकडे जाण्याची घाई करू नका. पोर्तो रिकोतल्या सान हुआन शहरात कान्यो मार्तिन पेन्या या कालव्याकाठच्या वस्त्यांनी २००२ ते २००४ या काळात सातशेहून अधिक बैठका घेतल्या, आणि त्यानंतर २००४ चा ४८९ क्रमांकाचा कायदा होऊन त्यांचा ट्रस्ट उभा राहिला. २००९ मध्ये कायद्यात बदल करून ट्रस्टची जमीन काढून घेण्यात आली. लोकांनी भांडून २०१३ मध्ये ती परत मिळवली. ट्रस्ट काय आहे हे नुसतं कार्यकारिणीलाच माहीत असतं, तर २००९ मध्येच विषय संपला असता.

बैठकीत लोक तीनच प्रश्न विचारतात: घर माझं राहणार का, मुलांना मिळणार का, विकलं तर हातात काय येणार? उत्तरं पाठ हवीत आणि खरी हवीत. विशेषतः तिसऱ्याचं. «बाजारभाव मिळणार नाही» हे पहिल्याच बैठकीत सांगा. नंतर कळलं तर ती फसवणूक वाटते, आणि लोकांचं तसं वाटणं रास्तच आहे.

विश्वस्त मंडळाची रूढ रचना तीन भागांची आहे: एक तृतीयांश ट्रस्टच्या जमिनीवर राहणारे, एक तृतीयांश त्याच परिसरातले पण ट्रस्टच्या घरात न राहणारे, एक तृतीयांश सार्वजनिक हिताचे प्रतिनिधी आणि जाणकार. जुन्या वस्तीत तिसऱ्या गटात संवर्धन जाणणारा एक तरी माणूस घ्या. फार तर दोन. संवर्धनवाल्यांचं बहुमत झालं की खिडकीच्या गजावर तीन तास चर्चा होते आणि भाडं थकलेल्या घराचा विषय पुढच्या सभेवर जातो.

घटनापत्रात दोन कलमं हवीतच. जमीन विकायची किंवा गहाण ठेवायची तर मंडळाच्या साध्या बहुमतावर भागू नये. सभासदांच्या मोठ्या बहुमताची अट असावी. आणि ट्रस्ट विसर्जित झाला तर जमीन तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे जावी, सभासदांत वाटली जाऊ नये.

## टप्पा ३: जमीन, आणि तीही गुपचूप

जमीन हाती येईपर्यंत गल्ली आहे तशी मळकी दिसू द्या. पैसा मर्यादित असतो, आणि तुम्हीच रंगवलेल्या दर्शनी भिंतींमुळे तुमचीच खरेदी महाग होते.

पहिलं लक्ष रिकाम्या आणि सार्वजनिक मालकीच्या मिळकतींवर. तिथे कोणाला हलवावं लागत नाही, आणि रिकामं घर शेजारची दोन घरं खराब करत असतं. त्याचं गळकं छप्पर सामाईक भिंतीतून पलीकडे ओल पाठवतं. बॉस्टनच्या डडली स्ट्रीट परिसरातल्या संघटनेला १९८८ मध्ये ठरावीक भागातल्या रिकाम्या खासगी जमिनी सक्तीने संपादन करण्याचा अधिकार मिळाला. असा अधिकार सहसा कोणाच्या वाट्याला येत नाही, पण रिकाम्या जमिनीपासून सुरुवात करण्याचा हिशेब सगळीकडे लागू पडतो.

त्यानंतर विकायला तयार असलेले मालक. मोठी रक्कम एकदम उभी राहत नसेल तर मुदतबंद खरेदी हक्काचा करार करा: थोडी रक्कम देऊन ठरलेल्या भावाला, ठरलेल्या काळात घेण्याचा हक्क. तिसरा मार्ग वृद्ध मालकांचा. घर आज ट्रस्टच्या नावे करायचं आणि हयातभर तिथेच राहण्याचा हक्क राखून ठेवायचा. यात वारसांना पहिल्या दिवसापासून समोर बसवा, नाहीतर पुढची दहा वर्षं कोर्टात जातील.

टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या कागदांची तपासणी, स्वस्तात उरकू नका. जुन्या वस्तीत एका घराला सतरा वारस निघतात, त्यांतले चार परदेशात आणि एकाचा पत्ताच नाही. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत त्या घरावर दुरुस्तीचा खर्च शून्य.

इशारा: जमीन तारण ठेवून कर्ज काढू नका. या चळवळीतला पहिला ट्रस्ट मानला जाणारा न्यू कम्युनिटीज १९६९ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी उभा राहिला. साडेपाच हजार एकरांहून अधिक जमीन होती. दुष्काळ आला, सरकारी कर्ज वेळेवर आणि न्यायाने मिळालं नाही, आणि १९८५ मध्ये कर्जापायी सगळी जमीन गेली. शेतीचं उदाहरण आहे, पण धडा शहरालाही तोच.

तपासणी: खरेदीखत नोंदलं गेलं, बोजा शून्य, ताबा मिळाला. तिन्हींवर खूण झाल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू नाही.

## टप्पा ४: दोन दस्त, एक नव्हे

भाडेपट्ट्यात सगळं कोंबण्याची चूक वारंवार होते. घर कोणाला, किती भुईभाड्याने (म्हणजे खालच्या जमिनीच्या भाड्याने), कोणत्या किमतीला परत विकायचं, हे भाडेपट्ट्याचं काम. दर्शनी भिंत, छपराचा आकार, जुनी लाकडी खिडकी राखायची, हे वेगळ्या संवर्धन कराराचं काम. वेगळा का? समजा एखाद्या कुटुंबाने न विचारता ॲल्युमिनियमची खिडकी बसवली. दोन्ही गोष्टी एकाच दस्तात असतील तर नियमभंगाची शिक्षा म्हणून भाडेपट्टा रद्द होण्याची वेळ येते. खिडकीपायी कोणाचं घर जाऊ नये. संवर्धन करारात दुरुस्त करून देण्याची मुदत आणि खर्चवसुली एवढंच पुरतं. शक्य असेल तर त्या कराराची देखरेख दुसऱ्या वारसा संस्थेकडे द्या. ट्रस्टला एकाच वेळी शेजारी आणि फौजदार होणं जमत नाही.

भाडेपट्ट्यात हे स्पष्ट हवं: मुदत आणि नूतनीकरण, वारसाहक्क, स्वतः राहण्याची अट, पोटभाड्याला परवानगी कधी, दुरुस्ती कोणाची, विक्रीच्या वेळी ट्रस्टचा पहिला हक्क. शिवाय स्थानिक कायदा भाडेपट्टेदाराला खालची जमीन सक्तीने विकत घेऊ देतो का, हे वकिलाकडून लेखी घ्या. इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्याने घरांच्या दीर्घ मुदतीच्या भाडेपट्टेदारांना असा हक्क दिला, त्यामुळे तिथल्या ट्रस्टना हा धोका डोळ्यांसमोर ठेवूनच दस्त लिहावे लागले. जिथे जमीन आणि इमारत वेगळी करण्याची पद्धत निराळी आहे तिथे दस्तही निराळा. पोर्तो रिकोत भाडेपट्ट्याऐवजी जमिनीच्या पृष्ठभागावरचा हक्क नोंदवून दिला जातो.

बँक येईल आणि जमीन तारण मागेल. नाही म्हणा. घर आणि भाडेपट्ट्याचा हक्क एवढंच तारण. बदल्यात बँकेला धीर देता येतो: हप्ते थकले तर ट्रस्टला आधी सूचना, थकबाकी भरून प्रकरण सावरायला मुदत, आणि लिलावाआधी घर घेण्याचा हक्क. ही कलमं बँकेच्याही सोयीची आहेत. अमेरिकेत घरकर्जांचा बाजार कोसळल्यानंतर २०१० च्या अखेरीस झालेल्या मोजणीत ट्रस्टच्या घरांच्या कर्जांपैकी ०.४६ टक्के कर्जं जप्तीच्या प्रक्रियेत होती; सर्वसाधारण बाजारात तोच आकडा ४.६३ टक्के होता. बँकेच्या मॅनेजरसमोर भाषणापेक्षा हे दोन आकडे ठेवा.

घर विकत द्यायचं की भाड्याने, हेही इथेच ठरवा. अनेक बिऱ्हाडांची जुनी इमारत तुकड्यांनी विकली की जिन्याची आणि छपराची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. न्यूयॉर्कच्या कूपर स्क्वेअरमध्ये जमीन ट्रस्टकडे आणि इमारती म्युच्युअल हाउसिंग असोसिएशन या रहिवाशांच्या सामाईक संस्थेकडे आहेत. अशा इमारतींना ती पद्धत शोभते. पैशाचा मार्गही बघा. अमेरिकेतली ऐतिहासिक इमारतींसाठीची २० टक्के केंद्रीय करसवलत उत्पन्न देणाऱ्या इमारतींनाच मिळते, मालक स्वतः राहत असलेल्या घराला नाही. अशी अट आधी वाचली नाही तर काम पूर्ण झाल्यावर हिशेबात भगदाड दिसतं.

## टप्पा ५: पुनर्विक्रीचं सूत्र

इथे घाई केली तर बाकी सगळं बरोबर असूनही पंचवीस वर्षांनी ट्रस्ट पोकळ होतो.

एक साधं गणित. घराचा बाजारभाव १०० धरा. जमीन आणि अनुदान मिळून ट्रस्टने ४० उचलले, कुटुंबाने ६० भरले. काही वर्षांनी बाजारभाव १६० झाला, म्हणजे वाढ ६०. अमेरिकेतल्या बर्लिंग्टनच्या ट्रस्टने विकणाऱ्याला वाढीचा चौथा हिस्सा देण्याची पद्धत ठेवली. त्या हिशेबाने कुटुंबाला ६० अधिक १५, म्हणजे ७५ मिळतात. पुढचं कुटुंब १६० चं घर ७५ ला घेतं, आणि नवं अनुदान लागत नाही.

आता वाढीच्या चौथ्या हिश्शाऐवजी निम्मी वाढ देऊन बघा. किंमत ९० होते. दरम्यान परिसरातलं उत्पन्न ३० टक्क्यांनी वाढलं असेल, तर पूर्वी ६० झेपणाऱ्या कुटुंबाला आज ७८ झेपतात. ७५ जमतं, ९० जमत नाही. म्हणून सूत्र ठरवण्याआधी मागच्या वीसेक वर्षांतले घरभाव आणि उत्पन्न यांवर ते चालवून बघा. जिथे भाव उत्पन्नाला मागे टाकून पळतात, तिथे लंडनच्या ट्रस्टसारखं सूत्र थेट परिसरातल्या मध्यम उत्पन्नाशी बांधणं मला जास्त सुरक्षित वाटतं. विकणाऱ्याला त्यात कधी फारच कमी मिळतं, ही त्याची खोट. ती लपवू नका.

जुन्या घरांत आणखी एक सापळा आहे. मूल्यांकन पडक्या अवस्थेत करून घेतलं आणि त्यानंतर ट्रस्टने दुरुस्ती केली, तर दुरुस्तीने वाढलेली किंमत «वाढ» म्हणून मोजली जाते. पडक्या घराचे ५०, दुरुस्तीनंतर १००. कुटुंब राहायला आलं त्याच दिवशी ५० च्या चौथ्या हिश्शाचं धनी. पैसा ट्रस्टचा, वाटा विकणाऱ्याचा. पायाभूत मूल्यांकन दुरुस्ती संपल्यावरच करा.

कुटुंबाने केलेल्या सुधारणांचं श्रेय द्यायचं असेल तर यादी आधी जोडा. मोरी, वायरिंग, छप्पर यांना श्रेय. जुना दरवाजा काढून बसवलेल्या चकचकीत दरवाजाला नाही.

तपासणी: सूत्र एका पानावर, उदाहरणासह, लिहा. घर घेणाऱ्याने ते तुम्हाला उलट समजावून सांगावं. अडखळला तर सही पुढे ढकला.

## टप्पा ६: आता दुरुस्ती

पाणी आधी. छप्पर, पन्हळी, सांडपाण्याच्या वाहिन्या, पायाजवळच्या जमिनीचा उतार. एवढं झालं की थांबा आणि भिंतींना वाळू द्या. जाड भिंत वाळायला महिने लागतात. ओल्या भिंतीवर गिलावा करून पुन्हा सोलून काढणं हा या कामातला सर्वांत नेहमीचा वाया जाणारा खर्च आहे.

मग सांगाडा. तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं टोचून बघा, कुजणं तिथून सुरू होतं. पूर्ण तुळई बदलण्याआधी कुजलेलं टोक कापून जोड देता येतो का, हे अनुभवी सुताराला विचारा. भेगांवर खुणा लावून ऋतूंचं एक पूर्ण चक्र नोंद ठेवा. थांबलेल्या भेगेला बुजवणं पुरतं, चालत्या भेगेचं कारण शोधावं लागतं. वायरिंग आणि नळ गिलाव्याच्या आधी. दरजा (विटांमधले सांधे) भरणं आणि गिलावा त्यानंतर. खिडक्या आणि रंग सगळ्यात शेवटी.

इशारा: चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतीला सिमेंट लावू नका. सिमेंट कठीण असतं आणि ओल बाहेर जाऊ देत नाही. मग पाणी विटेतून वाट काढतं, लोणा लागतो, आणि पापुद्रे सुटून वीटच झिजते. दरजा नेहमी विटेपेक्षा मऊ हवा. चुन्याचं काम उन्हा-वाऱ्यात झरझर वाळू देऊ नका. ओलसर ठेवायला माणूस नेमा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका.

किती मागे जायचं यावर वाद होतोच. जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं मांडणारी १९६४ ची व्हेनिस सनद सांगते की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापन थांबावं, आणि इमारतीत प्रत्येक काळाने घातलेली भर मानावी. वस्तीच्या बाबतीत हे फार कामाचं आहे. भाडेकरूने नंतर काढलेली मोरी «मूळची नाही» म्हणून पाडली, की घर जुनं दिसतं आणि त्यात राहता येत नाही. आणि जे वाचत नाही ते वाचवल्याचं सोंग करू नका. ग्रॅनबीत फार मोडकळीला आलेल्या दोन घरांची पुन्हा घरं करण्याऐवजी आत सर्वांसाठी बंदिस्त बाग केली. ती २०१९ मध्ये खुली झाली.

तपासणी: काढलेल्या प्रत्येक जुन्या भागावर क्रमांक, फोटो आणि ठेवल्याची जागा. क्रमांक नसलेलं लाकूड आठवड्याभरात जळणात जातं.

## टप्पा ७: किल्ल्या

दुरुस्तीसाठी जे हलले त्यांना परतीचा लेखी हक्क, जुन्याच भाड्याच्या आसपास, आणि तोही हलण्याआधी हातात. तोंडी आश्वासनावर कोणी घर सोडू नये, तुम्हीही सोडायला लावू नये. त्यानंतर परिसरातले लोक, मग बाहेरचे. वाटपाचे निकष अर्ज मागवण्याआधी जाहीर करा. दुसरी वही इथे उघडा.

## टप्पा ८: दरवर्षीचं काम

भुईभाडं लहान असतं; त्यावर कार्यालयाचं वीजबिल निघेल, छपरं निघणार नाहीत. दुरुस्ती निधीसाठी वेगळं खातं उघडा आणि प्रत्येक विक्रीतून, दुकानाच्या गाळ्यांच्या भाड्यातून त्यात ठरलेला हिस्सा टाका. त्यातून पगार करायचे नाहीत.

पावसाआधी पन्हळी साफ. पाऊस संपला की प्रत्येक घराची फेरी: छप्पर, ओल, तुळयांची टोकं, वाळवी, भेगांच्या खुणा. फेरीला चुन्याचं काम जाणणारा गवंडी आणि एक रहिवासी विश्वस्त असे दोघे जावेत. गवंडी भिंत बघतो. विश्वस्ताने दुसरी वही बरोबर न्यावी, आणि कोण नवीन राहायला आलंय, कोणाचे हप्ते थकलेत, कोणत्या म्हाताऱ्या मालकाकडे दलाल येऊन गेलाय, हे त्याच दिवशी तिच्यात लिहावं.